मृगया, पारध आणि ‘उपद्रवी’ पशु : कर्जत-खालापूरच्या रानाच्या निमित्तानें

कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ पासून रायगड जिल्ह्याच्या) घाटालगतच्या अंगास कर्जत व खालापूर हे दोन तालुके वसले आहेत. खालीं भाताचीं खाचरें, खाचरांवर वरकस जमीन, वरकसावर रान, आणि रानाच्या डोक्यावर माथेरान, राजमाची व भीमाशंकर यांचे कडे, अशी येथील भूमीची रचना आहे. इ. स. १६६१ च्या फेब्रुवारींत कारतलबखानाची फौज उंबरखिंडींत कोंडली गेली, ती याच खालापूरच्या अरण्यांत; शिवभारतकार परमानंदानें तें अरण्य वर्णिलें आहे. तें रान आतां पुष्कळ विरळ झालें. तरी रानडुक्कर, भेकर, साळिंदर, ससा हीं जनावरें आजहि आहेत, बिबट्याहि आहे, आणि भीमाशंकराच्या बाजूस शेकरूंहि दृष्टीस पडतें. भात पोटरीस आलें कीं डुकरांचा कळप रात्रीं खाचरांत उतरतो. खातो थोडें, पण लोळून व उकरून नासतो फार. चार महिन्यांच्या कष्टांचें एका रात्रींत झालेलें वाटोळें आम्हीं स्वतः पाहिलें आहे, व त्या खाचराच्या बांधावर बसलेल्या कुळंबिणीस धीर देण्याजोगा शब्द आम्हांस त्या वेळीं सुचला नाहीं, हेंहि आरंभींच सांगून टाकतों.

म्हणून ‘डुकरें मारण्याची सरसकट मोकळीक द्या’ अशी मागणी जेव्हां शेतकऱ्याच्या तोंडून येते, तेव्हां तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. परंतु अलीकडे या मागणीस एक निराळीच पुस्ती जोडलेली ऐकूं येते. शिकार ही आपली पुरातन परंपरा आहे, राजधर्मांत तिला मान आहे, शास्त्रकारांनीं ती गौरविली आहे, आणि तिजवरील बंदी हें केवळ आधुनिक खूळ आहे, अशी ही पुस्ती. ती जोडणारा बहुधा शेतकरी नसतो. ज्याला डुकराचा उपद्रव नसून बंदुकीची हौस आहे असा मनुष्य ती जोडीत असतो. जनावराचा बंदोबस्त आणि जनावराची शिकार या दोन गोष्टी जुन्या ग्रंथांनीं एक मानल्या होत्या काय, व नसल्यास त्या एकमेकींत कशा मिसळल्या, हें तपासून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्द पाहूं. ‘मृगया’ हा शब्द ‘मृग्’ म्हणजे शोधणें, माग काढणें या धातूशीं संबद्ध आहे, आणि ‘मृग’ म्हणजे मुळांत केवळ हरिण नव्हे, तर कोणताहि रानपशु. म्हणूनच सिंह हा मृगेंद्र आणि वानर हा शाखामृग. शिकार हा शब्द फारशी. आपला रोजचा ‘पारध’ हा प्राकृत ‘पारद्धि’ पासून आला. संस्कृत कोशकारांनीं त्याचें ‘पापर्द्धि’ असें रूप दिलें आहे, म्हणजे पापाची समृद्धि! अहिंसेच्या कैवाऱ्यास ही व्युत्पत्ति फार गोड वाटेल. परंतु प्राकृत शब्दास मागाहून चढविलेला तो संस्कृत अंगरखा असावा असें भाषाविदांचें मत आहे, व आमचाहि कल तिकडेच आहे. व्युत्पत्तीवर धर्म उभारूं नये. रानांत जनावरें धरण्यासाठीं जें जाळें लावतात त्याला ‘वाघूर’ म्हणतात. त्या शब्दांत वाघ नाहीं, संस्कृत ‘वागुरा’ आहे, एवढें जातां जातां सांगून पुढें जाऊं.

शास्त्रकारांनीं मृगया गौरविली काय? मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजाचीं कामज म्हणजे सुखलालसेंतून उपजणारीं दहा व्यसनें सांगितलीं आहेत, त्यांत पहिलें नांव मृगयेचेंच आहे. आणि त्या दहांतलीं अत्यंत घातक चार निवडतांना मद्यपान, द्यूत व स्त्रिया यांच्या पंक्तीस मनूनें पुन्हां मृगयाच बसविली आहे. कौटिल्य या विषयांत अधिक मौजेचा आहे. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत तो पिशुन नामक पूर्वाचार्याचें मत देतो: द्यूतापेक्षां मृगया वाईट, कारण तींत चोर, शत्रु, श्वापदें, वणवा, ठेंच, दिशाभूल, भूक, तहान व प्राणाचें भय आहे. कौटिल्य हें खोडून काढतो. त्याच्या मतें द्यूत अधिक वाईट. मृगयेंत निदान व्यायाम घडतो, कफ, पित्त व मेद झडतात, स्थिर व चल लक्ष्यावर नेम साधतो, आणि क्रोध व भय यांच्या आवेगांत पशूचें चित्त कसें चालतें हें कळतें. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत दुष्यंताचा सेनापति हींच कारणें सांगतो. आणि विदूषक बिचारा दुखणाऱ्या सांध्यांची तक्रार मांडतो, ती पिशुनाच्या पक्षाची. शाळेंत हा अंक शिकवितांना मुलें विदूषकास हंसत, व आम्हीहि हंसत असूं. पुढें ध्यानांत आलें कीं या वादांत दोन्ही पक्षांस चिंता आहे ती राजाच्या देहाची; बाण ज्यास लागतो त्याचा विचार पिशुनाच्या यादींत नाहीं, कौटिल्याच्याहि नाहीं. तथापि वाद कशाचा आहे हें विसरूं नये. दोन व्यसनांपैकीं कोणतें अधिक वाईट, एवढाच तो आहे. मृगया ही द्यूताहून बरी, असें म्हणणाऱ्यानें तिला धर्म ठरविलें असें होत नाहीं.

आतां याच ग्रंथाचें चौथें अधिकरण उघडूं. तेथें राज्यावर येणाऱ्या आपत्तींचे उपाय सांगतांना अग्नि, पूर, रोगराई व दुष्काळ यांच्या बरोबरीनें उंदीर व व्याल, म्हणजे हिंस्र श्वापद, यांचें भय घेतलें आहे. व्यालाचें भय उत्पन्न झालें असतां विष घातलेलीं मेलेलीं जनावरें टाकावीं, लुब्धकांनीं त्यास मारावें. श्वापदानें मनुष्य धरला असतां जो मदतीस धांवत नाहीं त्यास बारा पण दंड, आणि श्वापदास मारणाऱ्यास तितकेंच बक्षीस. हें सर्व मृगया या शब्दाचा उच्चारहि न करतां सांगितलें आहे. येथें व्यायाम नाहीं, मेद झडणें नाहीं, नेमबाजी नाहीं. एक संकट आहे व त्याचा परिहार आहे. मृगया व्यसनांत पडली, व्यालभय आपत्तींत पडलें. ग्रंथकारानें दोहोंस दोन निराळे कप्पे दिले, आणि मधें चार अधिकरणांचें अंतर ठेविलें.

उंदरांच्या प्रकरणांत तर आणखी बारकावा आहे. उंदरांचें भय झालें असतां मांजरें व मुंगूस सोडावे. आणि त्यांना जो धरील अथवा मारील त्यास बारा पण दंड. ज्यानें पीडा होते त्यास मारण्यापूर्वीं, त्या पीडेस आवर घालणारा जो स्वाभाविक शत्रु त्यास अभय द्यावें, असा याचा अर्थ. या सूत्राकडे आम्हांस लेखाच्या शेवटीं पुन्हां यावयाचें आहे. (त्याच ठिकाणीं उंदरांच्या रूपानें कर घ्यावा असाहि एक पर्याय आहे. तो कर आमच्या कातकऱ्यांनीं हंसत भरला असता.)

दुसऱ्या अधिकरणांत अभय दिलेल्या वनांतील पशु, पक्षी व मत्स्य यांस धरणाऱ्यास वा मारणाऱ्यास उत्तम दंड, म्हणजे सर्वांत जबर दंड, सांगितला आहे. परंतु कौटिल्यास करुणेचा आचार्य ठरविण्याची घाई कोणी करूं नये. तेथेंच राजाच्या विहारासाठीं जें मृगवन सांगितलें आहे, त्याला एकच दार, भोंवतीं खंदक, आंत माणसाळविलेले पशु, आणि श्वापदें ठेवावयाचीं तीं नखें व दाढा मोडून! दांत काढलेल्या वाघाची शिकार करणारा राजा हा शौर्याचा कोणता नमुना, तें परंपरेचा अभिमान सांगणारांनीं आम्हांस समजावून द्यावें.

महाभारताच्या आदिपर्वांत पांडूची कथा आहे. मैथुनांत असलेल्या मृगाच्या रूपांतील किंदम ऋषीस तो मारतो, आणि वाद होतो तेव्हां अगस्त्यानेंहि सत्रासाठीं मृगया केली होती, राजांस ती विहितच आहे, अशी वकिली करतो. ऋषीचें उत्तर नीट ऐकण्यासारखें आहे. मृग मारलास याचा दोष मी देत नाहीं, असें तो म्हणतो; पण समागमाचा काळ सरेपर्यंत थांबावयास हवें होतें. म्हणजे दोष ठेविला तो वेळेचा. १८८७ सालीं हिंदुस्थान सरकारनें वन्य पक्ष्यांच्या संरक्षणाचा जो पहिला कायदा केला, त्यांत विणीच्या हंगामांत नुकत्याच मारलेल्या पक्ष्यांची विक्री शहरांत व छावण्यांत रोखण्याची तजवीज होती. त्या कायद्याचें बीज किंदमाच्या तोंडीं आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल, परंतु मनुष्याच्या मनांत या विषयाचा पहिला कायदा कोठून सुरू होतो हें दोहोंवरून दिसतें.

या प्रश्नाचा एक पुरावा मात्र ग्रंथांत नसून दगडावर आहे, आणि तो आमच्याच उत्तर कोंकणांत सांपडला. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सोपारें येथें अशोकाच्या लेखाचा एक तुकडा मिळाला. चौदा शिलालेखांपैकीं आठव्याचा तो अंश होय. (नवव्याचा अंश १९५६ सालीं जवळच भुईगांव येथें मिळाला.) आता हा आठवा लेख आहे कशाविषयीं? पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. तींत मृगया व तशाच दुसऱ्या करमणुकी असत. राज्याभिषेकास दहा वर्षें झालीं असतां देवानांप्रिय राजा संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला. तेथून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत ब्राह्मण व श्रमण यांचें दर्शन, दान, वृद्धांची भेट, आणि जनपदांतील लोकांची विचारपूस होते; राजास आतां यांतच अधिक आनंद वाटतो. शिकार सोडली हें सांगण्यासाठीं राजानें खोदविलेला लेख कोंकणच्या बंदरांत उभा होता, आणि त्या बंदरांकडून घाटावर जाणाऱ्या जुन्या वाटांपैकीं एक राजमाचीच्या पायथ्याशीं येते. कर्जत तालुक्यांतील कोंडाणें येथील लेणें तिच्याच तोंडाशीं आहे. तें अशोकाच्या पुष्कळ नंतरचें, पण वाट तीच.

अशोकाच्या लेखांत आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटतो तो पहिला. राजाच्या मुदपाकखान्यांत पूर्वीं नित्य लक्षावधि प्राणी मारले जात, आतां तीनच मारले जातात, दोन मोर व एक हरिण, आणि हरिणहि नेहमी नाहीं. पुढें हेहि मारले जाणार नाहींत. एकदम सर्व सोडलें अशी बढाई त्यांत नाहीं. अभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षींच्या स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी आहे, आणि विनाकारण किंवा जीव मारण्यासाठीं रान पेटवूं नये अशी आज्ञा आहे. कंदाहार येथें १९५८ सालीं सांपडलेल्या ग्रीक व अरमाइक लेखांत तर राजाच्या पारध्यांनीं व कोळ्यांनीं आपला धंदा सोडला असें नमूद आहे.

मात्र त्याच राजाच्या तेराव्या लेखांत अटवींत राहणाऱ्या लोकांस एक इशाराहि आहे: पश्चात्ताप झाला असला तरी राजाचें सामर्थ्य शिल्लक आहे, तेव्हां त्यांनीं वर्तन सुधारावें, नाहींतर मारले जातील. मृगास अभय देणाऱ्या राजसत्तेचा हात रानांतल्या माणसाकडे वळतांना असा कठोर कां होतो, हा प्रश्न आमच्या तालुक्यांत अगदीं परका नाहीं.

येथल्या रानांत ठाकूर, महादेव कोळी व कातकरी यांच्या वाड्या आहेत. कातकऱ्याचें नांवच काथावरून पडलें. खैर तोडून काथ करणें हा त्याचा धंदा. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानें राखीव होत गेलीं आणि त्याच्या धंद्याची वाट अडली. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांचीं जंगलाबाबतचीं गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं १८८५ सालीं सरकारास त्यांच्या चौकशीसाठीं मुंबई जंगल कमिशन नेमावें लागलें. (कर्जत त्या काळीं ठाणें जिल्ह्यांत होतें, कुलाब्यास तें १८९१ सालीं जोडलें गेलें.) कातकरी पुढें कोळशाच्या व विटांच्या भट्टीवर गेला. राहिली त्याची गलोल, फासकी आणि शेतांतले उंदीर खणून काढण्याची विद्या. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनवासीयांचे पुष्कळ परंपरागत हक्क मान्य केले, परंतु पारध व सांपळे लावणें यांचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांनीं वगळला. हें वगळणें आम्हांस मान्य आहे. तथापि याच देशांत हौशी शिकाऱ्यास परवाना मिळण्याची सोय कायद्यांत १९९१ पर्यंत शिल्लक होती, ही गोष्ट त्याच्या शेजारीं ठेवून पाहावी. सशासाठीं फासकी लावणारा कातकरी गुन्हेगार, आणि साहेब, संस्थानिक व त्यांचे पाहुणे हे ‘स्पोर्ट्‌समन’, अशी वांटणी आमच्या देशांत पाऊणशें-शंभर वर्षें चालली. शिकारीस विरोध करणाऱ्यानें प्रथम कोणाकडे बोट दाखवावें याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं.

कौटिल्याचे दोन कप्पे मोडले ते याच काळांत. ब्रिटिश अमलांत वाघ, बिबट्या, लांडगा इत्यादिकांस मारणाऱ्यास सरकारी इनामें ठरविलीं गेलीं. वरकरणी हें कौटिल्याच्या बारा पणांसारखेंच दिसतें. पण कौटिल्यानें बक्षीस ठेविलें होतें तें भय उत्पन्न झाल्यावर, तें उत्पन्न करणाऱ्या श्वापदाबद्दल. इंग्रजी यादींत विशिष्ट वाघ नव्हता. सगळी वाघांची जात होती. ज्यानें कोणाची शेळीहि नेली नाहीं तोहि वाघ असल्यामुळेंच इनामास पात्र. त्या यादीनें एक सोय झाली: करमणूक म्हणून केलेली शिकार लोकोपकार म्हणून जमा करतां येऊं लागली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणें १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत हिंदुस्थानांत ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे व २,००,००० लांडगे मारले गेले. चित्ता तर नामशेषच झाला. १९५२ सालीं सरकारास तसें जाहीर करावें लागलें. २०२२ च्या सप्टेंबरांत कुनोच्या अरण्यांत सोडलेले चित्ते आफ्रिकेहून आणावे लागले.

१९१२ चा कायदा, मग मुंबई राज्याचा १९५१ चा, आणि शेवटीं सबंध देशासाठीं १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम, ही पुढची पायरी सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील दोन कलमें मात्र शेजारीं शेजारीं वाचलीं पाहिजेत. अकरावें कलम म्हणतें कीं अमुक जनावर मनुष्याच्या जीवितास, किंवा अनुसूचीनुसार उभ्या पिकास, धोकादायक झालें अशी खात्री मुख्य वन्यजीव रक्षकाची झाली, तर त्यानें कारणें लिहून परवानगी द्यावी. आणि स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणासाठीं सद्‌बुद्धीनें मारलेल्याचा गुन्हा होत नाहीं. हें कलम म्हणजे जुनें व्यालभय. बासष्टावें कलम म्हणतें कीं केंद्र सरकार ठराविक प्रदेशापुरती व मुदतीपुरती एखादी जातच ‘उपद्रवी’ म्हणून जाहीर करूं शकेल. हें कलम म्हणजे इंग्रजी यादी. मुळांत पांचवी अनुसूचि कायमच्या उपद्रव्यांची होती. तींत कावळा, वटवाघूळ, उंदीर, घूस यांसारखे होते. २०२२ च्या दुरुस्तीनें ती अनुसूचि गेली, पण बासष्टावें कलम राहिलें.

तें कलम कसें चालतें हें २०१६ सालीं बिहारांत दिसलें. नीलगाय तेथील कांहीं जिल्ह्यांत उपद्रवी ठरली होती. जूनमध्यें मोकामा येथें बाहेरून आणलेल्या नेमबाजांनीं थोड्याच दिवसांत २०० हून अधिक नीलगायी मारल्या. त्यांतल्या कोणत्या नीलगायीनें कोणाचें शेत खाल्लें होतें, हें विचारण्याचें कारणच उरलें नव्हतें. ‘उपद्रवी’ या शब्दानें तो प्रश्न आधींच निकालांत काढला होता. त्याच वेळीं आमच्या राज्यांत चंद्रपुरास रानडुकरें मारण्यास दिलेल्या परवानगीवरून केंद्रीय मंत्री मनेका गांधी व प्रकाश जावडेकर यांच्यांत उघड वाद झाला. वाद वर्तमानपत्रांत गाजला आणि विझला. एका जनावरास गुन्हेगार ठरवावयाचें कीं सबंध जातीस, हा मूळ मुद्दा त्या गदारोळांत कोणाच्या फारसा लक्षांत राहिला नाहीं.

कोणी म्हणेल, ‘हा शब्दांचा कीस झाला, जात मारली तर पीडा तरी कमी होते ना?’ अनुभव असा आहे कीं तीहि हमखास होत नाहीं. फ्रान्समधील अभ्यासकांना आढळलें आहे कीं जेथें रानडुकरांची शिकार फार होते तेथें माद्या लहान वयांतच विऊं लागतात. मारलेल्यांची जागा कळप भरून काढतो. चीन देशांत १९५८ सालीं धान्य खातात म्हणून चिमण्यांचा सरसकट संहार मांडला. किडी माजल्या, आणि १९६० सालीं शत्रूंच्या यादींतून चिमणी काढून तेथें ढेंकूण घालावा लागला. आमचा घाट चढून पलीकडे गेलें कीं जुन्नरचा मुलूख लागतो. तेथें २००१ पासून उंसांतले बिबटे धरून दुसरीकडच्या रानांत सोडण्याचा क्रम सुरू झाला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें हिशेब काढला, तेव्हां माणसांवरील हल्ले आधीं वर्षाला सरासरी ४ होते ते त्या काळांत १७ वर गेल्याचें दिसलें. तेथें बिबटे मारलेहि नव्हते. केवळ उपटून दुसरीकडे लावले होते.

आमच्या भागांत सरसकट परवानगीवांचूनहि डुकरें मरतात, हें सांगणें अवश्य आहे. तीं कशीं मरतात तें मात्र मागणी करणारे सांगत नाहींत. तारेचा फासा वाटेवर लावतात. तो डुकरासाठीं असतो, पण त्यांत भेकर अडकतें, बिबट्याहि अडकतो, आणि कमरेंत तार रुतून रात्रभर ओरडत मरतो. याहून अघोरी प्रकार गांवठी बाँबचा. स्फोटक गोळा खाद्यांत लपवून जनावराच्या वाटेवर ठेवावयाचा. डुकरानें दांत लावला कीं जबडा उडतो. डुक्कर तेथें मरत नाहीं. तें धांवतें, आणि खातां येत नाहीं म्हणून कित्येक दिवसांनीं कोठें तरी ओढ्याकांठीं मरतें. माथेरानच्या पायथ्याशीं एका वाडींत अशा गोळ्यानें तोंड फुटलेली एक गाय आम्हीं पाहिली आहे. तिचा धनी तिच्यापाशीं पाण्याची बादली घेऊन उभा होता. पाणी तिला पितां येत नव्हतें. गोळा कोणी ठेविला हें सगळ्या वाडीस ठाऊक होतें व कोणी बोलत नव्हतें. ठेवणारा स्वतः तिसऱ्या दिवशीं गाय पुरण्यास आला होता.

शिकारीच्या बाजूनें एक गोष्ट खरी म्हणून मान्य केली पाहिजे. रानें राखलीं गेलीं तीं पुष्कळदां शिकाऱ्यांनींच राखलीं. आपल्याच जिल्ह्यांतील फणसाडचें अरण्य जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें रान होतें. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राखीव रानाचें दाजीपूर-राधानगरी अभयारण्य १९५८ सालीं झालें. मुंबईची नैसर्गिक इतिहास संस्था १८८३ सालीं आठ गृहस्थांनीं स्थापिली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. तिच्या आरंभींच्या सभासदांत बंदूकवाले पुष्कळ. सलीम अलींची वाटहि लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीपासूनच सुरू झाली. १९३० सालीं ते आपल्याच जिल्ह्यांत किहीम येथें सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास करीत बसले होते. परंतु नबाबाच्या रानांतलें सांबर वांचलें तें त्याच्या बंदुकीनें नव्हे, इतरांच्या कुऱ्हाडी व बंदुका त्याच्या पहारेकऱ्यानें बाहेर ठेविल्या म्हणून. पहारा ठेवावा, बंदूक वगळावी. आणि फणसाडला १९८६ पासून तेंच चाललें आहे.

आणि शेतकऱ्याचें काय? सरकार पंचनामा करून नुकसानभरपाई देतें. ती वेळेवर व पुरेशी मिळावी यासाठीं भांडणें हें आम्ही शिकारविरोधकांचें पहिलें कर्तव्य मानतों, कारण रान सर्वांचें असतां त्याची किंमत एकट्या कांठच्या खाचरवाल्यानें कां द्यावी? बाकीचे उपाय जुने व कष्टाचे आहेत: सामायिक कुंपण, पाळीपाळीनें राखण, आणि माळा. पूर्वीं दहा घरांत मिळून तीन माळे असत व रात्रभर कोणी ना कोणी जागा असे. आतां तरुण कामासाठीं खोपोली, पनवेल, मुंबईस जातात, वरकस पडीक राहून त्यावर झुडूप माजतें, शेजारच्या जमिनीला मुंबईकराच्या बंगल्याची भिंत येते, आणि डुकराची जुनी वाट उरल्यासुरल्या खाचरांतून वळते. डुकरें वाढलीं कीं राखणदार घटले, याचा हिशेब मागणी लिहिणारांनीं एकदां मांडावा.

गेल्या आश्विनांत कर्जतच्या पूर्वेस, भीमाशंकराच्या कड्याखालीं, एका ठाकूरवाडीजवळच्या माळ्यावर आम्ही एक रात्र काढली. माळ्यावर सत्तरीपुढचे एक गृहस्थ होते, त्यांच्या हाताशीं तेलाचा रिकामा डबा व काठी. पहिल्या प्रहरांत त्यांनीं तीन-चार वेळां डबा बडविला. प्रत्येक वेळीं खालच्या अंधारांत गवत सळसळून मागें सरे. मध्यरात्रीच्या सुमारास कड्याच्या अंगाला करवत ओढल्यासारखा आवाज झाला, थांबला, पुन्हां झाला. त्यानंतर म्हातारबोवांनीं डबा उशाशीं ठेवला आणि घोंगडी पसरली.

आम्हीं विचारलें, ‘बाबा, आतां राखण कोण करणार?’

‘निजा गुरुजी,’ ते म्हणाले, ‘वरच्या अंगाला बिबट्या बोलला. आज डुक्कर उतरायचं नाय.’

उजाडेपर्यंत खाचराकडे कांहीं फिरकलें नाहीं.